घरच्या घरी ॲल्युमिनियम ओतकाम : छोट्या इलेक्ट्रिक भट्टीचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून १५०० वॅटची इलेक्ट्रिक भट्टी वापरतोय. छोट्या लेथसाठी आणि ड्रिल स्टँडसाठी पुल्या, हातचाकं, ब्रॅकेट ओततो. घरच्या कामाला ही भट्टी मी मनापासून सुचवेन. गॅसभट्टी लवकर तापते, पण स्वयंपाकाचा सिलिंडर तिला लावता येत नाही, आणि बर्नरचा आवाज वस्तीत नकोसा होतो. ही १६ अँपिअरच्या सॉकेटवर मुकाट चालते.

एक किलो ॲल्युमिनियम वितळायला हिशेबाने जेमतेम ०.३ युनिट पुरे. प्रत्यक्षात भट्टी आणि मूस (धातू वितळवायचं ग्रॅफाइटचं भांडं) तापवण्यातच जास्त वीज जाते, म्हणून एका बैठकीत दोन-तीन घाणे काढलेले परवडतात. मुशीवरच्या आकड्याला मात्र फसू नका. माझ्या मुशीवरचे ३ किलो तांब्याच्या हिशेबाचे आहेत. तांब्याची घनता ८.९, ॲल्युमिनियमची २.७, म्हणून ॲल्युमिनियमचा रस मावतो किलोच्या आत. ग्रॅफाइटची कड हळूहळू जळते, त्यामुळे मूस बदलत राहावी लागते. तिच्याऐवजी लोखंडी डबा वापरू नये. लोखंड रसात विरघळतं आणि कास्टिंग ठिसूळ होतं.

भट्टीवरचा तापमानाचा आकडा भिंतीजवळचा असतो, रसाचा नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण तेव्हाही चांदीसारखंच दिसतं, रंगावरून काही कळत नाही. रसाचं तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) घ्याच. साधारण ७२० अंशांना ओतलं की बारीक कोपरेही भरतात.

भंगारात माझी पसंती जुन्या पिस्टनला आणि अलॉय व्हीलला. त्यांत सिलिकॉन असतं, रस पातळ वाहतो. खिडक्यांचे सेक्शन ओतायला वाईट, थंड होताना तडकतात. शीतपेयांच्या कॅनमधून निम्मी मळीच हाती येते असं वाटावं, इतका पातळ पत्रा जळतो.

पण कास्टिंग चांगलं की वाईट हे भट्टीत नाही, साच्याच्या वाळूत ठरतं. आमच्या कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या असल्याने वाळू आणि बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकणमाती) सहज मिळालं. बारीक सिलिका वाळू, ८ ते १० टक्के बेंटोनाइट, ३ ते ४ टक्के पाणी. मूठ आवळून गोळा करायचा आणि मधोमध मोडायचा. काठ धारदार राहिले तर वाळू तयार. हाताला ओल लागली तर पाणी जास्त झालं, वाफेची भोकं पडणारच. कोरडी वाळू चाळताना चांगला मास्क हवा, सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा वस्तूचा नमुना, थ्रीडी प्रिंटरवर १.३ टक्के मोठा काढतो, कारण धातू आकसतो. बाजूंना दोन-तीन अंशांचा उतार दिला की साचा न फाटता पॅटर्न सुटतो. पुलीच्या जाड बॉसवर (मधल्या फुगीर भागावर) रायझर, म्हणजे आकसताना जादा रस पुरवणारी पोकळी, ठेवल्यापासून तिथला खड्डा गेला.

चामडी बूट, फेस शील्ड आणि खाली कोरड्या वाळूचा थर, याशिवाय मूस उचलायची नाही. नुसत्या काँक्रीटवर रस सांडला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तुकडे उडतात. भंगारही आधी भट्टीच्या झाकणावर तापवून मगच रसात सोडावं.

पावसाळ्यात मी ओतकाम जवळपास बंद ठेवतो. हवेतल्या दमटपणातून हायड्रोजन रसात शिरतो, घट्ट होताना बाहेर पडतो, आणि लेथवर कातल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. डीगॅसिंगच्या, म्हणजे रसातला वायू काढायच्या, क्लोरीनवाल्या गोळ्यांचा धूर विषारी, त्या घरात नकोतच. जून ते सप्टेंबर पॅटर्न करतो, ऑक्टोबरच्या उन्हात वाळू वाळवून पुन्हा सुरुवात.