2024 चा पहिला नंबर मी खोडला

दर डिसेंबरला मी आणि दादा वर्षभरात खेळलेल्या गेमची आपापली यादी कागदावर लिहितो आणि दोन्ही कागद एकदमच उघडतो. पाच गेम, एक ते पाच नंबर. नियम दोनच: शेवटापर्यंत खेळलेला गेमच धरायचा, आणि दुसऱ्याला खेळताना नुसता बघितलेला गेम धरायचा नाही. उघडलेली यादी नंतर बदलायची नाही असा तिसराही नियम होता म्हणे. तो आमच्यात कधी कुणी बोललेलं मला आठवत नाही, पण 2024 ची यादी मी बदलल्यापासून दादाला तो अगदी स्वच्छ आठवतो.

खोडलेलं नाव 'बलाट्रो'.

त्याला पहिला नंबर देताना मी फार डोकं चालवलंच नव्हतं. खेळलेले तास बघितले, 140 च्या वर. त्याच्या खालोखाल 'मेटाफर', साधारण 80. म्हटलं, झालं की. जिथे एवढा वेळ गेला तोच वर्षाचा गेम.

आणि गेम आहेच तसा. लोकलथंक या टोपणनावाने वावरणाऱ्या एकट्या माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम. पोकरचे हात आहेत, म्हणजे पेअर, फ्लश अशा पत्त्यांच्या जुळण्या, पण समोर बसलेला भिडू नाही आणि पैसे लावायचे नाहीत. हातात आठ पत्ते, चार वेळा खेळायची संधी, तीन वेळा नको ते टाकून नवे घ्यायची. तेवढ्यात ठरलेले गुण गाठायचे. पहिल्या डावाला 300, मग ते चढत जातात आणि शेवटी शेवटी पेअर-बिअर लावून काही भागत नाही. तिथे जोकर लागतात, म्हणजे गुण वाढवणारे खास पत्ते. असे 150 जोकर आहेत, साधारण पाचच जवळ ठेवता येतात, आणि ते कुठल्या क्रमाने मांडलेत यावर सगळं अवलंबून असतं.

हे दादाला पटत नव्हतं म्हणून मी एकदा कागदावर मांडून दाखवलं. बदामचा फ्लश लावला, म्हणजे पाचही पत्ते बदामचेच: राजा, राणी, गुलाम, नव्वी, छक्की. पत्त्यांचे 45, फ्लशचे स्वतःचे 35, झाले 80. फ्लशचा गुणक 4, म्हणजे त्या 80 ला याने गुणायचं. आता जवळ दोन जोकर आहेत. साधा जोकर गुणकात 4 मिळवतो, ट्राइब नावाचा जोकर फ्लशला गुणक दुप्पट करतो. साधा डावीकडे ठेवला तर चार अधिक चार आठ, त्याची दुप्पट सोळा, म्हणजे 1280. ट्राइब डावीकडे ठेवला तर चारची दुप्पट आठ, अधिक चार बारा, म्हणजे 960. तेच पत्ते, तेच जोकर, नुसती जागा बदलली आणि 320 गुण बुडाले. दादा कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे शाळेत गणिताला घाबरायचीस ती तूच ना?"

(या गेमला युरोपातल्या पेगी या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने आधी 18 वर्षांवरील असा शिक्का मारला होता, जुगाराचं चित्रण म्हणून. ज्या माणसाने आपला गेम कधी जुगाराच्या कंपनीकडे जाऊ नये असं मृत्युपत्रात लिहून ठेवलंय, त्याच्या गेमला! फेब्रुवारी 2025 मध्ये तो 12 वर आणला.)

मग खोडला का? कारण काही महिन्यांनी कुणीतरी विचारलं, "बलाट्रोत एवढं काय आहे, एखादा भारी डाव सांग ना," आणि मला सांगता येईना. 140 तासांतला फक्त एक डाव आठवला, तोही हरलेला. सगळी मदार फोटोग्राफ नावाच्या जोकरवर ठेवली होती. तो खेळलेल्या पहिल्या चित्राच्या पत्त्यावर गुणक दुप्पट करतो. नंतर बॉस, म्हणजे खास अडथळ्याचा डाव, आला तो 'प्लँट', जो राजा-राणी-गुलाम सगळ्यांना निकामी करतो. डाव निवडायच्या स्क्रीनवर असतानाच त्याचं नाव समोर दिसत होतं, मी वाचलंच नव्हतं. बाकीचे सगळे डाव एकमेकांत मिसळून गेलेत. मोबाइलवरचा बलाट्रो मी दोनदा काढून टाकलाय, दोन्ही वेळा कारण एकच होतं: पाच मिनिटं म्हणून उघडला आणि वर बघितलं तर दीड वाजला होता.

आता बाकीच्यांचं थोडक्यात सांगते, कारण खऱ्या पुरस्काराचीही तुलना होणारच. 12 डिसेंबर 2024 ला लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा गेम ठरला 'अ‍ॅस्ट्रो बॉट'. तिथे 90 टक्के वजन परीक्षक माध्यमांच्या मतांना आणि 10 टक्के लोकांच्या मतांना. आमच्याकडे 50-50, त्यामुळे निकाल कधीच लागत नाही.

अ‍ॅस्ट्रो बॉट जिंकला याबद्दल माझी काही तक्रार नाही. एका लेव्हलमध्ये पाणी शोषून स्पंजासारखं फुगायचं, दुसऱ्या लेव्हलमध्ये उंदराएवढं व्हायचं, तिसरीत वेळ हळू करायचा. दुसऱ्या कुणी या प्रत्येक कल्पनेवर आख्खा गेम काढला असता, इथे वीस मिनिटांत ती संपते आणि पुढची येते. पायाखाली गवत आहे की पत्रा, हे कंट्रोलरच्या थरथरीवरून डोळे मिटून सांगता येतं. पण यात 300 छोटे रोबो सोडवायचे असतात आणि त्यातले कितीतरी प्लेस्टेशनच्या जुन्या गेममधली पात्रं असतात. लोकोरोको या तशाच एका जुन्या गेमची लेव्हल आली तेव्हा दादा खुर्चीतून उठून उभाच राहिला. मला मात्र तिथे एक गोल, पिवळं, गाणारं काहीतरी दिसलं. गहिवर यायला तो काळ आपला असावा लागतो, माझा नव्हता. माझ्या यादीत चौथा.

'ब्लॅक मिथ: वुकाँग'मधलं एकच दृश्य माझ्या मनात राहिलंय, पण ते पक्कं राहिलंय. दुसऱ्या अध्यायात वाळवंटात शिर नसलेला एक माणूस बसलेला आहे, तीन तारांचं वाद्य वाजवत गातोय. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून ते गाणं पुरं ऐकलं. बाकी मी खेळले तेव्हा नकाशा नव्हता, आणि जिथे वाट दिसते तिथे अदृश्य भिंत, हे दर दहा मिनिटांनी. पाचवा.

'एल्डन रिंग'चं 'शॅडो ऑफ द अर्डट्री' आमच्या पहिल्याच नियमात बाद झालं. त्यातल्या मेस्मर या बॉसपुढे मी हात टेकले. मूळ गेमला 2022 मध्येच पुरस्कार मिळालाय, त्याच्या डीएलसीला, म्हणजे नंतर जोडलेल्या भागाला, परत नामांकन कशाला, या वादात पडायची वेळच माझ्यावर आली नाही. 'फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ' पूर्ण केला, पण त्यातला चॅडली! टॉवर चढलात, चॅडली बोलतो. दगड सापडला, चॅडली बोलतो. मी स्वतः बघून समजून घेणार होते ते तो आधीच सांगून मोकळा होतो. त्यातला क्वीन्स ब्लड हा पत्त्यांचा खेळ मात्र आख्ख्या गेमपेक्षा जास्त आवडला.

तिसरा 'मेटाफर: रीफँटाझिओ'. राजाचा खून होतो आणि पुढचा राजा जनतेच्या पाठिंब्यावर ठरणार, अशी गोष्ट. लढाईच्या वेळी मागे मंत्र म्हटल्यासारखं गाणं चालतं, ते एका खऱ्या बौद्ध भिक्षूच्या आवाजात आहे. गोष्ट शेवटच्या टप्प्यात ताणलीय, दहा तास कापले असते तर दुसरा आला असता.

दुसरा 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'. हा आला जानेवारीत आणि डिसेंबरपर्यंत लोक त्याला विसरले. वर्षाच्या गेमच्या सहा नामांकनांत तो नव्हता, सुलभतेसाठीचा, म्हणजे अपंगत्व असलेल्यांनाही खेळता यावं यासाठीचा, पुरस्कार तेवढा मिळाला. त्यातली एक सोय मला आता प्रत्येक गेममध्ये हवी आहे: एखादं दार उघडत नसेल तर तिथल्या तिथे स्क्रीनचा फोटो काढून नकाशावर चिकटवता येतो. नंतर नवी शक्ती मिळाली की नकाशा उघडायचा, फोटो बघायचा, "हां, ते दार." एवढी साधी गोष्ट आधी कुणालाच कशी सुचली नाही?

आणि बलाट्रोच्या जागी आता आहे 'अ‍ॅनिमल वेल'. वेल म्हणजे विहीर, आपली मराठी वेल नव्हे. मे 2024 मध्ये आला. बिली बासो नावाच्या एकट्या माणसाने साधारण सात वर्षं खपून केलेला, आणि डाउनलोड म्हणाल तर 40 एमबीच्या आत. लग्नाचे चार व्हिडिओ फॉरवर्ड होतात तेवढ्यात. फुलातून बाहेर पडलेला एक छोटा गोळा म्हणजे तुम्ही. अंधार, टपटपणारं पाणी, आणि सगळीकडे जनावरं, ज्यातली कुठली चावतील ते कळत नाही. हातात तलवार नाही. टेलिफोन दिसला की रिसीव्हर उचलायचा, गेम सेव्ह. हे करा, ते करा असं कुणी म्हणत नाही. चॅडलीचा मागमूस नाही.

मला त्यात एक डिस्क मिळाली. फेकायची, परत येते. मी दोन संध्याकाळी ती तशीच वापरली. एका रुंद खड्ड्यापाशी अडले होते. बुडबुडा सोडून त्याच्यावर चढून बघितलं, पोचत नव्हते. वैतागून डिस्क फेकली आणि त्याच वेळी चुकून उडीचं बटण दाबलं गेलं. गोळा पडायला हवा होता. तो पडला नाही. डिस्कवर बसून खड्ड्यावरून सरळ पलीकडे गेला. मी तिथे थांबले. मागे वळून तोच खड्डा मुद्दाम परत पार केला, मग परत एकदा. आणि मग गेल्या दोन दिवसांत "इथे काही करता येत नाही" म्हणून सोडलेल्या जागा एकेक आठवायला लागल्या. नवं काहीच मिळालं नव्हतं. डिस्क तीच होती, मला ती नीट माहीत नव्हती एवढंच.

असं तीनदा झालं, वेगवेगळ्या वस्तूंबाबत. बाकीची दोन सांगत नाही. आख्खा गेम मी वीसेक तासांत संपवला, म्हणजे श्रेयनामावली दिसेपर्यंतचा. त्याखाली 64 अंडी लपलेली आहेत, त्याच्याही खाली ससे, आणि सशांपैकी एकाचं कोडं एकट्याला सुटूच शकत नाही: चित्राचे 50 तुकडे आणि प्रत्येकाच्या गेममध्ये त्यातला फक्त एक. अनोळखी लोकांनी आपापला तुकडा पुढे केला तेव्हा ते चित्र जुळलं. मी तोवर पोचलेच नाही. कामाला लागतात तसं कोड्यांना लागणं मला जमत नाही, आणि शेवटचे थर माझ्यासाठी नाहीत हे मान्य आहे.

दादाचं म्हणणं, यादी डिसेंबरची आहे, आठवणींची नाही. तास खोटं बोलत नाहीत. शिवाय "तू बलाट्रो अजून खेळतेस." खेळते, हे खरंय. माझं म्हणणं, तू आधी अ‍ॅनिमल वेल संपव, मग बोलू. तर गेल्या आठवड्यात त्याने तो सुरू केलाय. डिस्क त्यानेही उचलली, आणि ती उचलल्यापासून कुत्र्याचं एक भूत त्याच्या मागे लागलंय. रोज रात्री मेसेज येतो, "हे जातं कसं?" मी नुसतं वाचून ठेवते.