घासायचं की भिजत घालायचं?

घरी बीयर करणाऱ्याला पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही की अर्धं काम भांडी घासण्याचंच आहे. रात्री अकराला वर्ट, म्हणजे जवाचा उकळलेला गोड काढा, गार होऊन फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) जातं आणि मागे उरते ती दहा गॅलनची, म्हणजे साधारण 38 लिटरची, वर्ट उकळायची स्टीलची केटल. तळाला हिरवट गाळ, उकळीच्या रेषेवर हॉप्सच्या (बीयरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) राळेचा चिकट पट्टा आणि आतल्या विजेच्या एलिमेंटच्या वळ्यांवर करपलेली खरवड. इंडियानापोलिसजवळ राहून सहा वर्षं मी हे करतोय. पहिली तीन वर्षं घासली, नंतरची तीन भिजवली. तेव्हा पुढचं सगळं माझ्या बेसमेंटपुरतं धरा.

घासायची म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिडच्या पावडरीनं. ती तर आमच्या गावचीच म्हणायची. तिच्यातली सगळ्यात नावाजलेली बार कीपर्स फ्रेंड 1882 साली इंडियानापोलिसातच निघाली. एका रसायनतज्ज्ञानं ऱ्हुबार्ब शिजवलं आणि कळकट पातेलं आपोआप उजळलेलं त्याला दिसलं, अशी तिची गोष्ट सांगतात. चिंच-कोकमानं तांब्या-पितळेची भांडी घासणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. मी वापरायचो ती मात्र दुकानाच्या स्वतःच्या लेबलची, स्वस्तातली.

गुण सांगायचे तर ती चमक दुसऱ्या कशानं येत नाही. ज्योतीवर तापून केटलच्या बुडाला निळी-सोनेरी झाक येते, ती ओल्या फडक्यावरच्या चिमूटभर पावडरीनं दोन मिनिटांत जाते. स्टीलवर ब्रशच्या बारीक रेषा असतात, त्यांच्या दिशेनं हात फिरवायचा, गोल गोल नाही. पाणीही कमी लागतं. आणि हिच्यामुळे तारेची घासणी हातात घ्यावी लागत नाही, हा मोठाच फायदा. त्या घासणीचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात, मग पंधरा दिवसांनी गंजाचे ठिपके दिसतात आणि आपण केटल विकणाऱ्याला नावं ठेवतो.

तरीही मी ती सोडली, कारण तिच्या डब्यावरची एक ओळ: मिनिटभरात धुऊन टाका. वाटीला, कढईला मिनिट पुष्कळ झालं. पण 38 लिटरच्या केटलमध्ये खांद्यापर्यंत हात घालून तुम्ही एक बाजू घासता, तोवर दुसरी वाळलेली असते आणि तिथे राखाडी डाग उमटतो. मग तो काढायला पुन्हा पावडर. शेवटी मी पेठा पाडाव्यात तशी केटल वाटून घेतली होती: आधी उजवी बाजू, धू, मग डावी, धू, मग तळ. एका उन्हाळ्यात आई आली होती. रात्री पाणी प्यायला उठली, तर मी बाथटबमध्ये गुडघ्यांवर बसून केटलमध्ये डोकं घालून बसलेलो. "अरे, काही पडलंय का आत?" म्हणाली. केटलमध्ये काय उकळतो ते तिला 'जवाचं पाणी' असंच सांगितलेलं होतं, आणि ते तसं खोटंही नाही.

एवढं करून सकाळी बघावं तर लिटरच्या कोरीव खुणांमध्ये पांढरी पूड बसलेलीच. नळाच्या सांध्यात बोट फिरवलं की बोट पांढरं. तीनदा धुतलं तरी चौथ्यांदा निघतेच. कदाचित माझाच हात सैल असेल. माझ्या एका मित्राची केटल याच पावडरीनं आरशासारखी असते. पण त्याच्या केटलला नळ नाही आणि आत एलिमेंटही नाही.

भिजवायचं म्हणजे सोडियम परकार्बोनेट आणि मेटासिलिकेट असलेली अल्कली पावडर. बीयरवाल्यांत पीबीडब्ल्यू (पावडर्ड ब्रुअरी वॉश) हे नाव सगळ्यांना माहीत असतं. गॅलनला एक ते दोन औंस टाकायची, पाणी साठ-सत्तर अंशांवर ठेवायचं. ते तापवायला वेगळं काही लागत नाही, केटल स्वतःच शेगडी आहे. गरम पाण्यात परकार्बोनेटमधून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि बारीक बुडबुडे यायला लागतात. मी झाकण ठेवून जेवायला जातो. तासाभरानं परत यावं तर एलिमेंटवरची खरवड दुधावरच्या सायीसारखी एका बाजूनं सुटून तरंगत असते. त्या वळ्यांच्या मधे माझं बोट जात नाही, घासणी तर दूरच. मऊ फडकं फिरवलं की राळेचा पट्टाही निघतो.

तेच पाणी मग पंपातून, नळ्यांतून, वर्ट गार करणाऱ्या चिलरमधून फिरवायचं, म्हणजे ज्या जागा दिसतच नाहीत त्याही धुतल्या जातात. नळ अर्धवट उघडा ठेवायचा. नळाच्या आत फिरणारा जो गोळा असतो (बॉल व्हॉल्व्ह) त्याच्यामागे जी फट असते तिच्यात जुनं वर्ट साचून आंबतं, आणि नळ पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा असला तर तिथे पाणी पोचत नाही. तोटीला टोपण मात्र आधी लावा. मी पहिल्यांदा विसरलो आणि वर जेवायला गेलो. तीस लिटर गरम साबणपाणी बेसमेंटभर.

आता उणं. पाणी भरपूर जातं, खर्चही घासायच्या पावडरीपेक्षा जास्त. ॲल्युमिनियमचं काही त्यात पडू देऊ नका, अल्कली त्याला खाते. आमच्याकडचं पाणी बोअरच्या पाण्यासारखं जड, त्यामुळे रात्रभर तसंच ठेवलं तर भिंतीवर पांढरा पापुद्रा धरतो. तो सायट्रिक ॲसिडनं, म्हणजे ढोकळ्यात घालतो त्या लिंबूसत्त्वानं, जातो. कोमट पाण्यात विरघळवून फिरवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि धुवायचं. वर्षातून दोनदा हे केलं तरी मला पुरतं. आणि भिजवून आरसा होत नाही, हे खरंच आहे. केटल स्वच्छ होते पण मंद राखाडी राहते. पहिल्यांदा मलाही चुकल्यासारखं वाटलं होतं. मग लक्षात आलं की स्टीलला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा थर, आणि पृष्ठभाग स्वच्छ असला की तो हवेतच आपोआप धरतो. त्याला चकाकी लागत नाही. क्लोरीनचं ब्लीच मात्र तोच थर फोडून स्टीलला खड्डे पाडतं, म्हणून ते दोन्ही पद्धतींत बाहेर ठेवा.

तुमची केटल लहान, बिननळाची आणि गॅसवरची असेल तर घासायची पावडर घ्या, उगाच तीस लिटर पाणी कशाला तापवायचं? नळ, पंप, एलिमेंट यांतलं एकही असेल तर मी तरी भिजवीनच. त्या घासायच्या पावडरीचा डबा माझ्याकडे अजून आहे. पाहुणे येणार असले की बाहेरून एक हात फिरवतो, आतून नाही.