मोटारहोमच्या बाहेरील दिव्यांसाठी ब्युटिल टेप : वापरानंतरचे मत

अमेरिकेतील मोटारहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, कपाळावर पाच पिवळसर दिवे असतात. आमच्या जुन्या गाडीत पावसानंतर वरच्या बिछान्याचा कोपरा ओलसर लागे, तो त्यांच्यामुळेच. मी मात्र महिनाभर खिडकीवरच संशय घेत राहिलो. अखेर पंख्याने आत हवेचा दाब वाढवून बाहेरून साबणाचे पाणी लावले, तेव्हा डावीकडच्या दुसऱ्या दिव्याच्या स्क्रूपाशी बारीक बुडबुडे आले. दिवा उघडताच त्यामागचा, पाणी अडवणारा फोम भुसा होऊन हातात आला.

त्या जागी पाऊण इंची राखाडी ब्युटिल टेप, म्हणजे रबरासारखी मऊ, चिकट पट्टी, लावली. ती वाळून कडक होत नाही, त्यामुळे गाडीचे हादरे सोसते आणि पुढे दिवा बदलायचा झाल्यास निघतेही. फटी बुजवायला वापरतात त्या सिलिकॉनचे तसे नाही; त्याचा जुना थर राहिला, तर त्यावर नवे सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही. स्क्रू थांबत थांबत, टेप चहूबाजूंनी किंचित बाहेर येईपर्यंत आवळावेत. वरून सीलंट (फटी बुजवणारा लेप) तिन्ही बाजूंनीच लावावे; खालची कड मोकळी ठेवल्यास आत शिरलेले पाणी बाहेर पडते.

तक्रार एकच. उन्हात ही टेप इतकी मऊ पडते की तिचा कागद सुटत नाही. मी ती चक्क फ्रिजमध्ये ठेवून कापली, आणि घरच्यांची बोलणी खाल्ली.