‘आय सेव्हन’चं स्टिकर आणि ४२ हजारांचा ब्रँडेड डबा

ब्रँडेड कॉम्प्युटर असेम्बल्डपेक्षा, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्यापेक्षा, महाग पडतो, त्यातले बरेचसे जादा पैसे वॉरंटीचे असतात. काही बिघडलं तर कंपनीचा माणूस बघतो, रॅमवाला मदरबोर्डवाल्याकडे बोट दाखवतो असला प्रकार होत नाही, आणि विंडोज अस्सल असतं. एवढं मिळत असेल तर सात-आठ हजार जास्त द्यायला माझी ना नाही. आमच्याकडून ते घेतले गेले आणि यातलं काहीच मिळालं नाही, म्हणून लिहितोय.

भाची खानापूरहून बेळगावात इंजिनिअरिंगला आली. तिला ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालेल असा डेस्कटॉप हवा होता. टिळकवाडीतल्या ओळखीच्या पोराने असेम्बल्डचं कोटेशन दिलं होतं: इंटेलचा आय थ्री-१२१०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मॉनिटरसकट ३४ हजार. बाजारातल्या एका दुकानदाराने ते बघून हसत विचारलं, “थ्री कुठं आणि सेव्हन कुठं?” त्याच्याकडे नामांकित कंपनीचा ‘आय सेव्हन’ होता, ४२ हजारांना. दाजींनी वॉरंटीचं विचारलं तर म्हणाला, “काका, आम्ही काय आज दुकान घातलोय काय?” दाजींना पटलं. खोक्याला कंपनीचा टेप, कॅबिनेटवर प्लॅस्टिक, समोर चकचकीत स्टिकर. कुणालाही पटलं असतं.

ऑटोकॅडमध्ये जरा मोठं ड्रॉइंग उघडलं की पंखा घोंघावायचा. शेवटी भाचीनेच टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडलं. “मामा, प्रोसेसर ४७७० आहे, रॅमही जुन्या प्रकारची.”

आय सेव्हन-४७७० हा २०१३ चा प्रोसेसर. आय थ्री-१२१०० आला २०२२ मध्ये. दोघांनाही चारच कोअर, पण नवा ‘थ्री’ जुन्या ‘सेव्हन’ला सहज मागे टाकतो. थ्री-फाइव्ह-सेव्हन हा त्या त्या पिढीतला मान. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून, आणि स्टिकरवर तो आकडा नव्हताच. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. हा चौथ्या पिढीतला, म्हणजे यातलं विंडोज ११ अटी चुकवून घुसवलेलं.

मागचं सीरियल नंबरचं लेबल खरवडलेलं होतं. पण नंबर बायॉसमध्येही, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्येही, असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला, तर वॉरंटी कधीच संपलेली. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेलं मशीन होतं ते. एसएसडी तेवढी नवी. अशी मशीनं लॉटमध्ये विकली जातात, त्यात वाईट काही नाही. टायपिंगला, हिशेबाला उत्तम, आणि जुनं म्हणून सांगून पंधरा हजारांना दिलं असतं तर मी हे लिहीतही नव्हतो. ग्राफिक्स कार्ड टाकून निभावावं म्हटलं तर तेही अवघड: कॅबिनेट चिंचोळं, पॉवर सप्लाय लहान, त्याची जोडणीही कंपनीची वेगळीच, बाजारातला साधा सप्लाय बसेना.

मग बिल काढलं. त्यावर ‘डेस्कटॉप कॉम्प्युटर, १ नग’ एवढंच. मॉडेल नाही, सीरियल नाही. जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा. कर्नाटकचा नंबर २९ ने सुरू होतो, २७ महाराष्ट्राचा. जीएसटीच्या पोर्टलवर शोधला तर भलत्याच फर्मचं नाव आलं. आपल्या सीमाभागात कोल्हापूर-निपाणी-बेळगाव अशी मालाची ये-जा रोजची, त्यामुळे हे दोन आकडे सहसा कुणी बघत नाही. दुकान बेळगावात असेल तर बघा. आणि पैसे देण्याआधी मशीन दुकानातच चालू करायला लावा, प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचा, बायॉसमधला सीरियल कंपनीच्या साइटवर तपासून तोच बिलावर लिहून घ्या. ‘वॉरंटी आमची’ असं दुकानदार म्हणाला, तर ते जादा पैसे कंपनीच्या नावाचे कसे, एवढं विचारा.

दुकानदार आता मशीन परत घ्यायला तयार आहे, पण ‘वापरल्याचे’ आठ हजार कापून. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दुकान कोल्हापूरचं का असेना. दाजी म्हणतात, आठ हजार सोडून दे. मी बिलाची झेरॉक्स आणि बायॉसचा फोटो फाइलला लावून ठेवलाय.