२० किलोचा डंबेल सेट, सात महिने आणि एक फुटलेली फरशी

जूनमधल्या एका सकाळी सव्वासहाला माझ्या डाव्या हातातल्या डंबेलचा नट सुटला आणि ३ किलोची प्लेट निसटून हॉलच्या फरशीवर आपटली. हात डोक्याच्या वर होता. कान वाचला, पायाचा अंगठा वाचला, फरशी काही वाचली नाही. दोन मिनिटांत खालच्या काकू दारात. "अहो, काय पाडलंत? आमच्या देवघरातली घंटा वाजली!"

तेव्हा आज त्या नटाबद्दलच लिहायचंय. सेटबद्दलही लिहीन, पण आधी नट.

सेट तुम्हाला माहीत असेलच. काळ्या पीव्हीसीच्या, आत सिमेंट-वाळू भरलेल्या प्लेटा: ४ दोन किलोच्या, ४ तीन किलोच्या. दोन छोटे रॉड आणि चार स्टार नट. दिवाळीच्या सेलमध्ये १,२९९ रुपयांना घेतला. डोंबिवलीत आमच्या जवळच्या जिमची तीन महिन्यांची फी याच्या तिपटीहून जास्त आहे, आणि मी तिथे तीन आठवड्यांच्या वर टिकणार नाही हे मला आणि बायकोला दोघांनाही ठाऊक होतं. घरचा सेट निदान डोळ्यांसमोर राहतो आणि लाज आणतो.

नटाच्या आत एक रबरी वायसर असतो. नट आवळला की तो प्लेटेला दाबून धरतो, आणि सगळी पकड त्या रबरावरच असते. माझ्या चारपैकी दोन वायसर मे महिन्यापर्यंत बिस्किटासारखे भुगा झाले होते. वॉरंटी सहा महिन्यांची आणि प्लेट पडली सातव्या महिन्यात. कंपनीला फोन केला तर म्हणे, "सर, नट सुटा मिळत नाही, रॉडची जोडी घ्यावी लागेल, ४४९ रुपये आणि कुरिअर वेगळं." मी म्हटलं, मला वायसर हवाय, पाच रुपयांची वस्तू. "सर, फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही." फरशीबद्दल विचारलं तर बाईंनी फोन होल्डवर टाकला, अकरा मिनिटं बासरी ऐकवली आणि कट केला. पुढे तीन फोन, दोन मेल. तात्पर्य: ४४९ रुपये.

मी देणार नव्हतोच. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात नट नेला तर आटे जुळेनात. शेवटी एका शनिवारी रॉड पिशवीत घालून लोकलने मुंबईला नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात गेलो. (लोखंडी रॉड घेऊन स्टेशनात शिरताना मी जितका सभ्य चेहरा केला, तितका लग्नाच्या फोटोतही नसेल.) तिथे एका दुकानदाराने रॉडला बोट लावून बघितलं आणि मागच्या खोक्यातून जाड रबरी रिंगा काढून दिल्या. चार रिंगा, चाळीस रुपये. कंपनीच्या वायसरपेक्षा दुप्पट जाड. मी जग जिंकून घरी आलो.

दुसऱ्याच आठवड्यात नट पुन्हा सैल.

आता माझा पारा चढला होता. मुलीची लाल नेलपॉलिश घेतली आणि चारही नटांवर, नट आणि रॉड दोन्हींवर येईल अशी एकेक रेघ ओढली. व्यायामाच्या प्रत्येक फेरीनंतर रेघ किती सरकली ते वहीत लिहायचं. बायको म्हणाली, इतकं मन लावून व्यायाम केला असतास तर एव्हाना दंड दिसले असते. पण वहीने मला गप्प केलं.

जमिनीवर उताणं झोपून छातीचे प्रेस केले (वजन सरळ वर ढकलायचं), रेघ जागेवर. पलंगावर हात टेकून रोइंग केलं (वजन खालून वर ओढायचं), जागेवर. बायसेप कर्ल केले (कोपरातून हात दुमडत वजन खांद्याकडे न्यायचं) की मात्र सरकली. तीही प्रत्येक वेळी उजव्या हातात मांडीकडच्या नटाची आणि डाव्या हातात बाहेरच्या नटाची. डंबेलांची अदलाबदल केली, तरी तेच. म्हणजे दोष एखाद्या नटाचा नव्हता.

दोन दिवस विचार केल्यावर डोक्यात प्रकाश पडला. रॉडच्या दोन्ही टोकांचे आटे सारखेच, उजवे. ज्या टोकासमोर उभे राहाल तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवलं की नट घट्ट होतो. पण दोन्ही टोकांची तोंडं विरुद्ध दिशांना. त्यामुळे प्लेटांना एकाच दिशेचा हिसका बसत राहिला, तर एका टोकाचा नट आवळतो आणि दुसऱ्याचा सुटतो. कर्लमध्ये मूठ कोपराभोवती फिरते, तिच्याबरोबर रॉडही फिरतो. प्रेस आणि रोइंगमध्ये रॉड असा फिरत नाही. आता हात सावकाश खाली आला आणि सावकाश वर गेला तर प्लेटा गुमान रॉडबरोबर फिरतात. पण वजन वरून सोडून दिलं, खाली खाडकन थांबलं आणि कमरेच्या झोल्याने परत वर फेकलं, तर प्लेटा मागे राहतात आणि नटाला ओढतात. थांबतानाचा आणि उचलतानाचा, दोन्ही हिसके एकाच दिशेचे.

थोडक्यात, नट कंपनीचा, पण हिसका माझा.

इथे मला मत बदलावं लागतंय, आणि ते जिवावर येतंय. मी मोबाइल टेबलावर उभा करून स्वतःचा व्हिडिओ काढला. कर्ल म्हणून मी जे करत होतो त्यात कोपर पुढे-मागे झुलत होतं, कंबर मागे वाकत होती आणि दंड जवळजवळ सुट्टीवर होते. खाली येताना तर बादली विहिरीत सोडावी तसं वजन सोडत होतो. मग कोपरं बरगड्यांशी ठेवली, वर नेताना दोन आकडे, खाली आणताना तीन आकडे मोजले. ज्या वजनाने सहज १५ रेप्स, म्हणजे सलग आवर्तनं, होत होते, त्यानेच नवव्याला हात थरथरायला लागला. दोन आठवड्यांत नटाची रेघ नखभरही हलली नाही.

गंमत म्हणजे बाकीच्या व्यायामांच्या फॉर्मचे, म्हणजे ते करायच्या पद्धतीचे, पैसे मी आधीच मोजले होते. जानेवारीत उजवा खांदा इतका धरला होता की लोकलमध्ये कडी पकडता येईना. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला डोक्यावरचा प्रेस करून दाखवायला लावला आणि कपाळाला हात लावला. मी कोपरं दोन्ही बाजूंना सरळ फाकवत होतो. त्यांनी ती थोडी पुढे आणवली, शरीराच्या रेषेपासून साधारण ३० अंश, कारण खवाटा (खांद्यामागचं पसरट हाड) पाठीवर सपाट बसलेला नसतो, जरा पुढे कललेला असतो, आणि हात त्याच्या रेषेत उचलला की खांद्याला सुखाचं जातं. बरगड्या वर काढायच्या नाहीत, नाहीतर खांद्याचं काम कंबर करते. छातीच्या प्रेससाठी बाक नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, बरंच झालं, जमिनीवरच करा. कोपर फरशीला टेकलं की हात त्याखाली जातच नाही, नवख्याचा खांदा त्यातच वाचतो. मनगट मागे मोडू द्यायचं नाही, रॉड तळव्याच्या बुडाशी धरायचा. रोइंगमध्ये कोपर काखेकडे न नेता कमरेच्या दिशेने ओढायचं आणि आधी खवाटा मागे न्यायचा. आमचे आजोबा सांगलीकडच्या तालमीतले, जोर-बैठका मारणारे. माझे जोर त्यांनी बघितले असते तर नाव काढून टाकलं असतं. ताईंनी मला आधी स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून जोर काढायला लावले, मग जिन्याच्या पायरीवर, मग जमिनीवर. जमिनीवरचे सलग दहा यायला मला एप्रिल उजाडला. कर्लबद्दल मात्र मी त्यांना विचारलंच नाही. कर्लमध्ये शिकायचं काय, असं वाटायचं.

आणखी एक चूक, ती मात्र फरशीला भोवली: मी आधी कर्ल करायचो आणि त्याच डंबेलने लगेच डोक्यावर प्रेस. म्हणजे आधी नट सैल करायचा आणि मग तो डोक्यावर न्यायचा. आता प्रेस आणि रोइंग आधी, कर्ल सगळ्यात शेवटी. मोठे, दोन-दोन सांध्यांचे व्यायाम आधी घ्यावेत असं शिकवतातच. माझं कारण इतकं शास्त्रीय नाही.

तर मग कंपनीला माफ केलं का? नाही. सहा महिन्यांत रबराचा भुगा होत असेल तर ते रबर नव्हे, आणि नवखा माणूस हिसके देणारच, म्हणूनच तो नवखा. तालमीतल्या मुद्गलाला नट नसतो.

शिवाय प्लेटांची वजनं. फुटलेल्या प्लेटेतून राखाडी पूड गळायला लागली, तिला इन्सुलेशन टेप गुंडाळून मी वाण्याकडे काट्यावर नेली. २ किलो ७८०. वाटलं, पूड गळल्यामुळे असेल. म्हणून धडधाकट प्लेट नेली: २ किलो ८३०. तिसरी ३ किलो ६० ग्रॅम. वाणी म्हणाला, "आम्ही असं माप दिलं तर लोक दुकान जाळतील." आता कोणती प्लेट कोणत्या हातात ते खडूने लिहून ठेवलंय.

खरी अडचण आहे वजनाच्या उड्यांची, आणि गंमत बघा, तिच्यावर मी सहा महिने चिडलोच नाही. रॉड १ किलो २०० ग्रॅमचा धरला तर एका डंबेलचं वजन दोन्ही टोकांना २-२ किलो लावून ५.२, ३-३ लावून ७.२, आणि दोन्ही मिळून लावल्या की थेट ११.२. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये दिलेला सल्ला असा, की नवख्याने ८ ते १२ रेप्स जमतील असं वजन घ्यावं आणि त्याहून एक-दोन जास्त व्हायला लागले की २ ते १० टक्के वाढवावं. इथे पहिली उडी ३८ टक्क्यांची आणि दुसरी ५५ टक्क्यांच्याही वर. खांद्याच्या प्रेसला ७.२ वरून ११.२ वर जाणं म्हणजे जिन्याच्या मधल्या पायऱ्या गायब. मी ७.२ वरच रेप्स १५ पर्यंत नेले, मग खाली येण्याचा वेळ वाढवला, तरी ११.२ चे तीनच होतात, आणि तिसऱ्याला कंबर मागे जाते. तीन म्हणजे दोनच धरा.

उपाय परवा सापडला. बाजारात १ किलोच्या सुट्या प्लेटा मिळाल्या, ७५ रुपयांना एक. या वेळी रॉड बरोबर नेला होता, भोक बसतं ते तिथेच बघितलं. चार घेतल्या. आता ३ अधिक १ लावून ९.२ होतं. सोमवारपासून एक दिवस सोडून एक, आठवड्यात तीन दिवस, असं चाललंय, आणि काल ९.२ चे सहा प्रेस झाले, कंबर न वाकवता.

खालच्या काकूंना जुनी सतरंजी दुपदरी करून दाखवली, त्यांनी मान हलवली. फरशी मात्र तशीच आहे. मिस्त्री एका फरशीसाठी यायला तयार नाही.

आणि हो, दोन प्लेटा लावल्यावर रॉडच्या टोकाला नटासाठी आटे कमी उरतात. ९.२ ला ठीक आहे. ११.२ च्या पुढे तिसरी प्लेट लावून बघितली तर नट जेमतेम तीन आटे धरतो. तेवढ्यावर मी तरी हात डोक्यावर नेणार नाही.