बदकांच्या पिल्लांची पिसं झडली: खाद्याचं दुकान आणि पशुवैद्यकीय दवाखाना, माझा अनुभव

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यात राहते. वाडीत केळी, थोडी फुलझाडं आणि घरामागे अजून न बुजवलेलं बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं. सासूबाई होत्या तोवर नाताळच्या मोईलसाठी, म्हणजे बदकाच्या कालवणासाठी, दरवर्षी घरचीच बदकं असायची. त्या गेल्यावर चार वर्षं खंड पडला. यंदा मी पुन्हा मनावर घेतलं. 6 जुलैला टेम्पोवाल्याकडून आठवड्याभराची 14 पिल्लं घेतली, शंभर रुपयांना एक. त्यांच्या पिसांचं आणि कातडीचं पुढे जे झालं त्यात दोन ठिकाणांचा अनुभव आला. एक, जिथून खाद्य घेत होते ते दुकान. दुसरं, आमच्या भागातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. आमच्याकडे घरची पाखरं बहुतेक बायकाच सांभाळतात, म्हणून त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी दुकान. बाजारातलं जुनं दुकान आहे, कोंबडीखाद्य, भुसा, पेंड सगळं मिळतं. पार्किंगची अडचण नाही, गडी रिक्षापर्यंत पोतं आणून देतो. मी विचारलं, बदकांच्या पिल्लांना काय देऊ? उघड्या पोत्यातून ब्रॉयलरचं स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं खाद्य, दहा किलो तोलून दिलं, 48 रुपये किलो. “चालेल ना हे बदकांना?” असं मी दोनदा विचारलं. “चालतं की ताई, कोंबडी काय नि बदक काय,” असं उत्तर मिळालं. सुट्टं खाद्य, त्यामुळे लेबल नाही, तारीख नाही. हेच सगळ्यात महागात पडलं.

पहिले तीन आठवडे पिल्लं झपाट्याने वाढली. जुलैअखेरीला पिसं यायच्या वयाला आली आणि घोटाळा दिसायला लागला. बदकाच्या पिल्लाला आधी पोटाला आणि खांद्याला पिसं येतात, पाठ मागून भरते आणि पंखांची मोठी पिसं सगळ्यांत शेवटी. हे सासूबाईंकडून मला माहीत होतं, म्हणून पाठ उघडी दिसली तरी आधी काळजी केली नाही. पण ही पाठ नुसती उघडी नव्हती. कातडी लालसर, मधे मधे खपल्या, उरलेली लव चिकटून दोऱ्यासारखी झालेली. शेपटीच्या मुळाशी नवीन पिसांचे काटे फुटले होते ते निम्मे तुटलेले, त्यांच्या टोकाला वाळलेलं रक्त. डोळ्यांच्या कडेला चिकटा. आणि पाण्याजवळ गेली की वरचं पाणी निथळायचं नाही, पिल्लू फडक्यासारखं भिजून कुडकुडायचं. बदकाचं पिल्लू पाण्याने गारठतं हे बघणं मला फार जड गेलं. दोघं लंगडायला लागली, गुडघ्यासारखा जो मागचा सांधा असतो तो सुजला होता.

मी पुन्हा दुकानात गेले. पिल्लू न बघताच “उवा झाल्या” म्हणाले आणि उवांची पावडर दिली, 140 रुपये. ती दोनदा लावली. बदक सारखं चोचीने पिसं साफ करत असतं, म्हणजे अंगावर टाकलेलं सगळं पोटात जाणार. हे विक्रेत्याला माहीत असायला हवं होतं. माझ्याही लक्षात उशिरा आलं. पावडरीने काडीचा फरक पडला नाही आणि 3 ऑगस्टच्या सकाळी एक पिल्लू मरून पडलेलं मिळालं.

5 तारखेला दोन पिल्लं टोपलीत घालून दवाखान्यात गेले. खरं सांगते, गाई-म्हशींसाठी असतो तो दवाखाना, बदक घेऊन गेले तर हसतील असं वाटत होतं. कोणी हसलं नाही. केसपेपर काढला, पुढे दोन शेळ्या आणि एक कुत्रा होता, तासभर थांबावं लागलं. बसायला बाक एकच, तोही पावसाच्या झडीत. औषधं सगळी तिथे मिळत नाहीत, चिठ्ठी घेऊन बाहेरून आणावी लागतात. दुपारनंतर डॉक्टर गावात फिरतीवर असतात, म्हणून सकाळीच जावं. उणं म्हणून एवढंच.

डॉक्टरबाईंनी तपासलं ते मात्र मी विसरणार नाही. पिल्लू पायाला धरून उचललं नाही, एक तळवा पोटाखाली घातला आणि पंख अंगाशी मिटून धरले. मग पिसांवर हलकी फुंकर मारली, पिसं दुभंगून खालची कातडी दिसली. काखेत, मानेखाली, शेपटीजवळ अशी फुंकर मारत गेल्या. “उवा नाहीत, पिसवा नाहीत, लिखाही नाहीत,” म्हणाल्या. उवा असत्या तर पिसाच्या मुळाशी लिखांचे पांढरे पुंजके दिसले असते, असं मलाही वाकून दाखवलं. शेपटीच्या वरच्या बाजूला एक छोटी गाठ असते, तिच्यावर केसांसारखा झुबका. ती तेलाची ग्रंथी. बदक चोच त्यावर घासतं आणि ते तेल सगळ्या पिसांना लावतं. आमच्या पिल्लाची ती गाठ कोरड्या खपलीने बंद झाली होती.

मग त्यांनी प्रश्न विचारले. पाणी कशातून देता? कोंबड्यांच्या गोल भांड्यातून, ज्यात चोचीचं टोक तेवढं जातं. खाली काय घालता? तूस. किती दिवसांनी बदलता? पावसात तूस वाळेनासा झाला म्हणून मी वर वर नवीन टाकत होते. खाद्य आणलंय का? नशिबाने मुठभर प्लास्टिकच्या पिशवीत नेलं होतं. त्यांनी ते नाकाशी धरलं, बोटांनी चुरगाळलं आणि मला दिलं. कुबट वास होता. घरी रोज हातात घेत होते, पण तो वास मला जाणवला नव्हता.

त्यांचं म्हणणं असं, की हा एक रोग नाही, चार गोष्टी एकत्र आल्यात. पहिली नायसिनची कमी, ब जीवनसत्त्वांपैकी एक. कोंबडीच्या पिल्लाला किलोभर खाद्यात 27 ते 35 मिलिग्रॅम पुरतं, बदकाच्या पिल्लाला 55 च्या आसपास लागतं, कारण बदकाचं शरीर ते प्रथिनांतून नीट बनवू शकत नाही. खाद्यातल्या मक्यातलं नायसिन बांधलेलं असतं, ते अंगी लागत नाही. ते कमी पडलं की पाय वाकतात, सांधा सुजतो, पिसं नीट येत नाहीत, कातडी खरखरीत होते. दुसरी गोष्ट बुरशी. ओल्या हवेत उघड्या पोत्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि बदकाची पिल्लं त्याला फार नाजूक. इंग्लंडमध्ये 1960 साली ब्राझीलच्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, बदकाची पिल्लंही गेली, आणि पुढे हे विष तपासायला बदकाचीच पिल्लं वापरत, असं त्यांनी सांगितलं. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय खात्रीने म्हणणार नाही, पण हे खाद्य आज फेका, म्हणाल्या. मेलेलं पिल्लू आणलं असतं तर शवविच्छेदन करून काळीज, म्हणजे यकृत, बघून विषाचा अंदाज घेता आला असता. ते मी बांधाला पुरलं होतं. याची खंत राहिली.

तिसरी गोष्ट ओला तूस आणि दाटी. तुसातून अमोनिया उठतो, डोळे आणि कातडी जळते, आणि दाटीत पिल्लं एकमेकांचे काटे उपटतात. नवीन काट्यात रक्त असतं, एकदा रक्त दिसलं की सगळी तिथेच टोचतात. चौथी गोष्ट पाणी. बदकाला पूर्ण डोकं बुडवता यायला हवं, तरच डोळे आणि नाकपुड्या धुतल्या जातात आणि पिसं साफ करण्याची सवय लागते.

दुकानातल्या “कोंबडी काय नि बदक काय”चं उत्तर मला त्या टेबलावर मिळालं. आणखी एक गोष्ट: कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात बहुतेकदा रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं असतं. बदक कोंबडीपेक्षा जास्त खातं, म्हणजे औषधही जास्त पोटात जातं. लेबल वाचल्याशिवाय घेऊच नका, असं त्यांनी बजावलं.

उपाय साधेच दिले. नायसिन असलेलं बी कॉम्प्लेक्स पाण्यातून, प्रमाण पिल्लांच्या वजनावरून चिठ्ठीवर लिहून. खाद्यावर रोज वाळलेलं यीस्ट. उकडून कुस्करलेले वाटाणे. आणि मी विचारलं म्हणून अळणी सुकवलेला जवळा, थोडाच, धुऊन. खारवलेली सुकट मात्र अजिबात नको, बदकांना मीठ सोसत नाही. उपटलेल्या जागी पोव्हिडोन आयोडीन आणि ते पिल्लू वेगळं. तूस तळापर्यंत काढून जमीन कोरडी करून नवीन पसरायचा. पाण्याला खोल तगारी, पण खाली जाळीचा पाट, म्हणजे सांडलेलं पाणी तुसात जाणार नाही. पिसं भरेपर्यंत बावखल बंद, दिवसातून दहा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात, मग बल्बखाली.

आमच्या ह्यांनी त्याच संध्याकाळी जुन्या खिडकीची जाळी कापून पाट केला. तगारी ठेवल्यावर पहिल्या पिल्लाने डोकं डोळ्यांच्या वरपर्यंत बुडवलं, वर काढून झटकलं, पुन्हा बुडवलं. मग रांगच लागली. अर्धा तास मी तिथेच बसून होते.

दहाव्या दिवशी पाठीवर निळसर काटे दिसायला लागले, टोकाला पिसाचा कुंचला उलगडणारे. खपल्या गळून गेल्या. लंगडणाऱ्यांपैकी एक सरळ चालायला लागलं. दुसऱ्याचा सांधा तसाच राहिला. उशीर झाला, असं डॉक्टरबाई स्पष्ट म्हणाल्या. अजून एक पिल्लू गेलं. ते मात्र दवाखान्यात नेलं, काळीज फिकट पिवळं आणि घट्ट झालं होतं, त्यांनी मला बोलावून दाखवलं. आज 12 आहेत, नऊ आठवड्यांची. परवा पहिल्यांदा बावखलात सोडली. बाहेर आली तेव्हा पाठीवरून पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळत होते.

दुकानाला पाचपैकी दोन. माल पोचवतात, वागायला वाईट नाहीत, पण माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. मी बंद पोतं, तारीख आणि लेबल बघून, दुसरीकडून घेते, आणि पत्र्याच्या डब्यात कोरडं ठेवते. दवाखान्याला साडेचार. अर्धा त्या बाकासाठी कापला, निदान एक ताडपत्री तरी लावावी. जाताना एक नाही, दोन पाखरं न्या, एक आजारी आणि एक बरं. खाद्याची मूठ न्या, आणि मेलेलं पाखरू पुरू नका. दहा-बारा आठवड्यांना बदकं आपणहून पिसं बदलतात, ते दुखणं नाही, कातडी स्वच्छ असेल तर घाबरू नका, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

आता डक प्लेग या बदकांच्या साथीच्या रोगाची लस द्यायची आहे. आठव्या आठवड्यानंतर देतात. एका बाटलीत पुष्कळ पाखरांचे डोस असतात आणि उघडलेली बाटली ठेवता येत नाही, म्हणून दवाखान्यात चार-पाच घरांची बदकं एकत्र करायला सांगितलंय. माझी 12 आणि शेजारच्या मावशींची 9 झाली. गास, भुईगाव, निर्मळ बाजूला कोणाकडे असतील तर खाली लिहा. सकाळी साडेआठला निघू, टोपल्या माझ्याकडे आहेत.