ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ मुंबईत: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

स्पिटफायर म्हणजे साठच्या दशकातली दोन सीटची, छप्पर उघडणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १२९६ सीसी, एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, ७५ बीएचपी. आकडे असे की आजची साधी हॅचबॅकही सिग्नलवरून हिला सहज मागे टाकेल. पण वजन जेमतेम सातशे किलोंच्या आसपास आणि बसायची जागा जवळजवळ रस्त्यालाच टेकलेली, त्यामुळे कोस्टल रोडवर ताशी ६० चा वेगही भरपूर वाटतो. वळायला तर ही गाडी कमाल आहे. सुमारे सव्वासात मीटरच्या वर्तुळात पूर्ण फिरते. गिरगावच्या गल्लीत जिथे नव्या गाड्यांना दोनदा रिव्हर्स घ्यावा लागतो, तिथे ही एका दमात वळते.

हा अनुभव मूळ पत्रा, मूळ सीट आणि जागोजागी विटलेला रंग असलेल्या गाडीचा आहे. नव्याने चकचकीत केलेल्यापेक्षा अशी जपलेली गाडी घ्यावी, हे ठाम मत. नव्या रंगाखाली लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) किती भरली आहे ते कळत नाही. चुंबक कापडात गुंडाळून दारांखालच्या लांब पत्र्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर, फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. हे सिल नुसते शोभेचे नाहीत. स्पिटफायरची चासी मधोमध कण्यासारखी असते आणि बॉडीची ताकद सिलवर अवलंबून असते. सिल सडले की दाराची मागची फट वरच्या बाजूने मिटत जाते. दार अडकत असेल तर बिजागऱ्या बदलण्याआधी खाली वाकून बघा.

आता दुखण्याचं सांगतो. पुढच्या चाकांजवळ पितळी ट्रनियन (चाक वळताना फिरणारा सांधा) असतो, त्यात स्टीलच्या उभ्या लिंकचे आटे फिरतात. तिथे ग्रीस नव्हे, नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं. निपल (वंगण भरायचं टोक) दिसलं की मिस्त्रींचा हात ग्रीसगनकडेच जातो, त्यांना आधीच सांगून ठेवा. घट्ट ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पावसाचं पाणी आत राहतं, लिंक आतून गंजते आणि एक दिवस तुटते. तुटली की चाक आडवं होतं. मुंबईत पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा ऑइल भरा, खालून थेंब बाहेर येईपर्यंत.

दुसरं दुखणं इंजिनचं. क्रँकला (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला) पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर अर्ध्या चकत्यांचे असतात आणि क्लच दाबला की सगळा जोर त्यांच्यावर येतो. ते झिजून संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडले तर क्रँक ब्लॉकलाच घासू लागतो. तपासणी सोपी: एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढची पुली बघायची. डोळ्यांना दिसेल इतकी पुली पुढे-मागे सरकली तर गाडी उभी करा. वेळेत लक्षात आलं तर इंजिन न उतरवता, फक्त संप काढून नवे वॉशर बसतात. म्हणूनच दादरच्या सिग्नलला क्लच दाबून थांबू नये, न्यूट्रल करावं.

गरम होण्याची तक्रार बहुतेक जण करतात आणि थेट रेडिएटर बदलतात. आधी रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे पुठ्ठ्याचे पडदे जागेवर आहेत का ते बघा. बऱ्याच गाड्यांत ते केव्हाच गळून गेलेले असतात, मग हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निसटते. जाड शीट कापून दोन तासांत नवे बनतात. कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्याच बाजूला असल्याने ट्रॅफिकनंतर बंद केलेली गाडी लगेच सुरू होत नाही, फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल उकळलेलं असतं. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टच्या मधली उष्णतारोधक पट्टी हवीच. बॉनेट दहा मिनिटं उघडं ठेवा. अख्खं पुढे कलतं, त्यामुळे उष्णता पटकन निघते. आणि हो, पुढच्या टायरवर बसून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करता येतात (थंड इंजिनवर १० थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश).

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी होस मऊ पडून चिरतात. इथेनॉल सोसणारे आर९ दर्जाचे होस आणि एसयूच्या निडल व्हॉल्व्हचं टोक विटॉनचं (तसंच टिकाऊ रबर) घ्या. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी.

टायरची मात्र चैन आहे. १४५/८० आर१३ हा जुन्या वॅगनआरचा साइज, शोधायला वणवण नाही. हवा पुढे २१ आणि मागे २६ पाउंड. पंपावरचा मुलगा सवयीने चारही चाकांत ३२ भरेल, त्याला आवरा. मागचे स्विंग अॅक्सल (चाकासोबत वर-खाली झुलणारे) वळणात अचानक ब्रेक मारला की चाकं आत दुमडतात, आणि हवेतला हा फरक मुळात ते टाळायलाच ठेवला आहे.

सुट्या भागांबाबत आपलं नशीब बरं. १९६१ पासून मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड हिची सख्खी बहीण, त्यामुळे स्टिअरिंग आणि पुढच्या सस्पेन्शनच्या बऱ्याच किरकोळ वस्तू ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याला विचारून मिळू शकतात. पुढच्या डिस्क, कॅलिपर आणि कार्ब्युरेटरचे किट इंग्लंडहूनच आणावे लागतात; कस्टम ड्युटी धरून हिशेब करा.

कागदपत्रांचं आधी पक्कं करा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, फारसे बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर.

छप्पर गळतंच, काचेच्या वरच्या कोपऱ्यातून. गालिचे उचलून सुकवा, आणि झाकायला सुती कव्हर वापरा. प्लास्टिकखाली खारी दमट हवा कोंडून पत्रा खाल्ला जातो. डायनामो आयडलला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, म्हणून पावसाळी संध्याकाळी हेडलाइट आणि वायपर लावून जॅममध्ये अडकलात तर बॅटरी बसते. डिकीत इंची पाने ठेवा: ७/१६, १/२, ९/१६. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना बसतो, पण सैल, आणि कडा गोल करतो. सोबत फॅनबेल्ट, आणि इग्निशनसाठी (ठिणगीसाठी) पॉइंट आणि एक चालू असलेला जुना कंडेन्सर. नवे कंडेन्सर पुष्कळदा पहिल्याच गरमीत दगा देतात.